आत्याबाईंचं इंजिन

आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. शेतीशी संबंध नसलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं. भारी जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, काही गळतात, आणि बघणाऱ्याला वाटतं झाड गेलं. ते गेलेलं नसतं. वाढ थांबवून आत अन्न साठवत असतं. मग जानेवारीत आळी खणायची, खत घालायचं आणि पाणी सोडायचं, की काही दिवसांत बगीचा पांढरा होतो आणि वासानं घरात बसवत नाही. पाणी तोडणं कोणालाही जमतं. ते वेळेवर परत देणं महत्त्वाचं. उशीर झाला तर जे झाड रुसलं होतं ते खरंच वाळायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी ज्या दिवशी आम्ही ताण तोडणार होतो, त्याच्या आदल्या रात्री आमच्या भागाची डीपी जळली. चार-पाच मळ्यांच्या मोटारी एकदम बंद. नवी कधी बसेल, तर कोणी म्हणे चार दिवस, कोणी म्हणे पंधरा. भाड्यानं जनरेटर शोधायला माणसं पांढुर्ण्यापर्यंत जाऊन आली. सगळ्यांना एकाच वेळी हवा असल्यावर मिळणार कुठून?

आमच्या अंगणात मात्र एक इंजिन होतं, हिरव्या रंगानं चकचकीत रंगवलेलं. त्याच्या गळ्यात पोळ्याच्या दिवशी घातलेल्या झेंडूच्या माळेचा सुकलेला दोरा अजून लटकत होता. अडचण एवढीच, की ते सुरू होत नव्हतं.

हे इंजिन मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, साठच्या दशकात घेतलं. एका सिलिंडरचं, सहा हॉर्सपॉवरचं, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेपर्यंत येणारी ओतीव लोखंडाची चाकं. नावाची पट्टी केव्हाच गळून पडली. पण घडण ओळखू येते: इंग्लंडातल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीनं १९२९-३०च्या सुमारास असली संथ इंजिनं बाजारात आणली आणि स्वातंत्र्यानंतर राजकोटच्या कारखानदारांनी त्याच घडणीची हजारो इंजिनं ओतली. मिनिटाला साडेसहाशे फेरे, म्हणजे आजच्या इंजिनांपुढे बैलगाडीच. पण ते संथपणच त्याचं आयुष्य. खोलायला दोन-चार पाने पुरतात आणि गावचा लोहारही त्यातलं निम्मं दुरुस्त करतो.

त्याआधी आमच्या विहिरीवर मोट होती. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पहाटे मोटेच्या कुरकुरीनंच जाग यायची असं त्या सांगतात. बैल धावेवरून खाली गेले की नाडा ताणायचा, मोट वर यायची, थारोळ्यात पाणी पडायचं, आणि बैल पुन्हा उलट्या पावलांनी वर. दिवसभर दोन जोड्या आलटून पालटून राबल्या तरी सगळ्या बगीच्याला पाणी पुरत नसे. उन्हाळ्यात बैलांच्या खांद्यांवर जखमा व्हायच्या, त्यांवर हळद-तेल लावायचं काम घरातल्या बायकांकडे. मोटेची गाणी छान म्हणून आपण आठवतो. त्या खांद्यांची आठवण कोणी काढत नाही. आत्याबाई काढतात. घरात इंजिन आलं तेव्हा त्यांना पहिला आनंद झाला तो बैलांसाठी.

इंजिन राजकोटहून नागपूरला आणि नागपूरहून छोट्या लाइनीच्या गाडीनं सौंसरला आलं, अशी घरातली गोष्ट आहे. नागपूर आम्हाला तेव्हाही बाजारगाव होतं, आजही आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचे आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशातच राहिलो. त्या दिवसापर्यंत नागपूर आमच्याच राज्याची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी अंतर तेच, रस्ता तोच, पण मधे सीमा. वॉशर आणायचा तरी परराज्यात जायचं! २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी इंजिनाची रिंग आणायला माझा मुलगा नागपूरलाच गेला.

यंत्राला शेतात शिरू द्यायला आपल्या लोकांनी वेळ घेतला, हेही सांगितलं पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले थोडेसे नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१०मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, नांगरांमागून पंप आले, आणि १९४६मध्ये पुण्याला खडकीत तेलाची इंजिनं करायचा वेगळा कारखाना निघाला. आपल्यापैकी वयानं मोठ्या असलेल्या बायकांना किर्लोस्कर हे नाव इंजिनावरून नव्हे तर ‘स्त्री’ मासिकावरून ठाऊक असेल. ते १९३०मध्ये त्याच किर्लोस्करवाडीहून निघालं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. एकाच माळरानावर नांगराचे फाळही ओतले जात आणि बायकांनी वाचायचे लेखही छापले जात. मला ही जोडी फार आवडते. आमच्या माहेरी ‘स्त्री’ येत असे, सासरी इंजिन होतं. दोन्हीकडे तेल आणि शाई लागलेले हात पुरुषांचेच असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

आपल्या समाजात यंत्राचा विषय निघाला की वालचंद हिराचंद यांचं नाव निघतं. सोलापूरच्या जैन घरातला माणूस जहाजं, विमानं, मोटारी यांच्यामागे लागला, याचा अभिमान वाटणं साहजिक आहे. सभेत मीही तो मिरवते. पण सभेतून घरी आल्यावर प्रश्न उरतो, की हजारो मळ्यांत जी इंजिनं रोज पहाटे सुरू होत होती ती कोण सुरू करत होतं?

ट्रॅक्टरचं सांगायचं तर आमच्याकडे तो फार उशिरा आला. देशातही त्याला वेळ लागला. १९४७मध्ये सरकारनं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली. युद्धानंतर उरलेल्या लष्करी ट्रॅक्टरांवर तिची सुरुवात झाली, आणि मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत माजलेलं कांस गवत उपटणं हे तिचं मोठं काम. या गवताच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. त्यापायी गावंच्या गावं पडीक पडली होती. त्यासाठी १९४९मध्ये जागतिक बँकेनं भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. तरी ट्रॅक्टर बाहेरूनच येत. भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ला फरिदाबादच्या आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्या काळच्या ट्रॅक्टरांना सुरू करणं हा एक उद्योगच होता. इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला एकच सिलिंडर, तोही सहा लिटरचा. त्याच्या डोक्यात सोऱ्याचा धुमसता कागद खोचून हँडल मारायचं, नाही जमलं तर बंदुकीच्या काडतुसासारखं काडतूस घालून हातोडीनं ठोकायचं! हे मी आत्याबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “आपलं बरं वं. आपल्याले दोन माणसं पुरत.”

दोन माणसं. हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला.

इंजिन सुधारलं माझ्या मुलानं आणि भाच्यानं. वीज आल्यावर विहिरीवर मोटार बसली आणि इंजिन कोठ्यात गेलं; त्यावर कडब्याच्या पेंढ्या, जुनी पोती, कोंबलेली दोरखंडं. मधे दोनदा भंगारवाला येऊन वजन विचारून गेला. दोन्ही वेळा आत्याबाई म्हणाल्या, “राहू द्या.” का, ते सांगितलं नाही. पोरांनी ते बाहेर काढलं तेव्हा पिस्टन गंजून सिलिंडरमध्ये अडकलेला. महिनाभर वरून रॉकेल आणि डिझेल मुरवलं, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं, तेव्हा सुटला. नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले, पाण्याची टाकी झाळून घेतली, नोजल नागपूरला तपासून आणलं. रंग तर असा दिला की आरशात बघावं. पोळ्याला बैलांच्या जागी (बैल आता आहेत कुठे?) इंजिनाची पूजा केली, पाहुण्यांसमोर हँडल मारलं. इंजिनानं एक उसासा टाकला. पुन्हा मारलं, पुन्हा उसासा. तासाभरात दोघांचे खांदे उतरले, पाहुणे पुरणपोळी खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. सगळं गाव तिकडे वळलं आणि इंजिनाची थट्टा मागे पडली.

आता जानेवारीत थट्टेचा विषय राहिला नव्हता. तीनशे झाडं ताणावर होती.

पहिल्या दिवशी मिस्त्री आणला. चांगला माणूस, पण त्याचं सारं आयुष्य नव्या इंजिनांत गेलेलं. त्यानं दाब तपासला, म्हणाला ठीक आहे. तेल येतंय, म्हणाला ठीक आहे. मग पोरांनी पाळीपाळीनं हँडल मारलं. संध्याकाळपर्यंत धूरसुद्धा निघाला नाही. एकदा हँडल उलटं फिरून भाच्याच्या मनगटाला लागलं. हाड वाचलं, पण हात सुजून टम्म झाला. मी म्हटलं पुरे, आता जनरेटर कितीला मिळतो ते बघा. मला खरं म्हणजे भीती वाटली होती. त्या चाकांजवळ गेलेला पदर पुन्हा हातात येत नाही, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं.

रात्री आत्याबाईंचे पाय चेपत होते. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, दिवसभर ओसरीतून नुसतं ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “नोजल किर्र करत नाही.”

“काय?”

“हँडल हळू फिरवलं की नोजल किर्र करते. दाराची बिजागरी वाजते तशी. आज दिवसभर एकदाबी वाजलं नाही. तेल पोचतच नाही, एअर घेतली असन.” मग थोडं थांबून, “अन् ते लहान चाक आत घेतलं काय पोरांनी?”

कोणतं लहान चाक, ते मला ठाऊक नव्हतं. मुलाला हाक मारली, त्यालाही नव्हतं. बॅटरी घेऊन आम्ही अंगणात गेलो. सिलिंडरच्या डोक्याच्या बाजूला मुठीएवढं हातचाक होतं, हिरव्या रंगाखाली घट्ट गाडलेलं. पोरांना ते बूच वाटलं होतं. त्यावर दोन हात रंगाचे जास्तच बसले होते.

मग त्या रात्री, गोधडी पांघरून, आत्याबाईंनी आम्हाला सगळं सांगितलं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. आत कोंडलेली हवा इतकी दाबायची, की ती तापून तेल आपोआप पेटावं. (सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून हवा भरा, पंप गरम लागतो, तेच.) थंडीत लोखंड गार, हवा तापत नाही. म्हणून ते लहान चाक आत फिरवायचं: त्यामागे एक छोटी कोठडी आहे, ती बंद होते, हवेला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. इंजिन चालू होऊन पंपाचा भार आला की चाक बाहेर. पण एवढ्या दाबाविरुद्ध माणसाला ती जड चाकं फिरवता येत नाहीत. म्हणून एकानं वरची दांडी दाबून व्हॉल्व्ह उघडा धरायचा, म्हणजे हवा फुसकन निघून जाते आणि चाकं हलकी फिरतात. हँडल मारणाऱ्यानं वेग घेतला की तो ओरडणार, “सोड!” दुसऱ्यानं दांडी सोडायची. तेवढ्या एका क्षणावर सगळं. लवकर सोडली तर हँडल उलटतं आणि मनगट जातं. उशिरा सोडली तर दम वाया.

“मामाजी हँडल मारायचे. मग दांडी कोण सोडायचं?” मी विचारलं.

“मी.”

“किती वर्षं?”

“मोटार येईपर्यंत.”

मी या घरात आले ती मोटार बसल्यानंतर. माझ्यासमोर मामाजींनी इंजिनाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांत ही गोष्ट नव्हती. त्यांनी ती लपवली असं मी म्हणणार नाही. त्यांना बहुतेक सांगण्याजोगी वाटली नसेल, पाणी कोण भरतं हे जसं कोणी सांगत नाही.

इतिहासातही असंच एक दृश्य आहे. रुडॉल्फ डिझेलनं जर्मनीत आउग्सबुर्गला आपलं इंजिन १८९३मध्ये पहिल्यांदा चालवून पाहिलं, तेव्हा दाब मोजायचं साधनच फुटून उडालं. १७ फेब्रुवारी १८९४ला ते पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरलं, जेमतेम मिनिटभर. असं सांगतात की डिझेलच्या ते लक्षातही आलं नाही. जवळ उभ्या कामगाराला पट्ट्याच्या ओढीवरून कळलं आणि त्यानं न बोलता डोक्यावरची टोपी काढली. पुढे १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. फल्ली तेलावर इंजिन चालतं हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, “मंग भजे कायचे तळायचे?”

सकाळी आधी डिझेल गाळलं. हे त्यांनीच करायला लावलं. आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, हे लहानपणापासून हाडात भिनलेलं. आत्याबाईंनी तोच दुहेरी मलमलीचा नियम इंजिनाला लावला होता. कपडा वेगळा, रंग लावून खूण केलेला, चुकून पाण्याच्या हंड्यावर जाऊ नये म्हणून. डब्याच्या तळाचा गाळ मी कपड्यावर बघितला आणि आदल्या दिवशी आपण काय ओतत होतो ते कळलं. मग पाइपाचा नट सैल करून एअर काढली: आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार. लहान चाक रॉकेल सोडून, पान्यानं हलवून, आत घेतलं. विहिरीच्या आतल्या ओट्यावरच्या जुन्या पंपात बादलीनं पाणी भरलं. असला पंप वीस-बावीस फुटांपलीकडून पाणी ओढत नाही. म्हणूनच जुन्या माणसांनी तो वर न ठेवता विहिरीत उतरवला होता. नशिबानं जानेवारीत पाणी वर होतं.

मुलानं हँडल हळू फिरवलं. किर्र.

आत्याबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

दांडी आपणच धरणार असा त्यांचा हट्ट होता. पोरं ऐकेनात, गुडघे तर मुळीच ऐकेनात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वय अठ्ठावन्न, चष्मा जाड, यंत्राशी संबंध मिक्सरपुरता. मी पदर कमरेला खोचला. त्यांनी तो पुन्हा सोडायला लावून आपल्या हातानं दोन वेढे देऊन खोचला. “चाकाकडे पाहू नको. हँडलकडेबी नको. त्याचा आवाज आयक.”

मी दांडी दाबून धरली. लोखंड बर्फासारखं गार. मुलानं फेरे घ्यायला सुरुवात केली, चाकं फस्‌ फस्‌ करत फिरायला लागली, जमीन हलल्यासारखी वाटली. “सोड!” मी सोडली. एक ठोका पडला, चाकं थरथरली आणि थांबली. उशीर झाला होता. दुसऱ्यांदा लवकर सोडली. हँडल निसटलं, मुलानं अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला होता म्हणून बचावला. हीदेखील आत्याबाईंचीच ताकीद. तिसऱ्या वेळी मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहिली नाही. चाकांचा आवाज एका जागी पोचला आणि हात आपोआप सुटला.

धप्प. पांढऱ्या धुराचं एक वर्तुळ वर गेलं. मग पुन्हा धप्प, आणि मग धपधपधप असं ते लागलं. कोठ्यावरची कबुतरं उडाली. रस्त्यानं जाणारा शेजारचा म्हातारा सालदार सायकल टाकून आत आला आणि नुसता उभा राहिला. मी मागे वळून पाहिलं तर आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि मांडीवर बोटांनी ठोके मोजत होत्या. “एक ठोका खाते,” त्या म्हणाल्या. “लहान चाक बाहेर घ्या आता.” घेतलं. ठोके सारखे पडू लागले.

पट्टा चढवला, पंपानं पाणी धरलं. पाट वर्षानुवर्षं कोरडा पडलेला, आधी सगळं पाणी भेगांनीच पिऊन टाकलं. पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचायला अकरा वाजले. मग आम्ही सगळे कुदळी घेऊन पाटावर, मीसुद्धा.

दुपारभर इंजिन चाललं. उन्हं उतरली तेव्हा एकशे चाळीस झाडं झाली होती आणि मुलगा म्हणाला, बल्ब लावून रात्रभर चालवू. आत्याबाईंनी नाही म्हटलं. दिव्यावर किडे-पाखरं येतात, चाकांत सापडतात. त्यांच्या वेळीही इंजिन दिवे लागायच्या आत बंद होत असे, ताण असो की काही असो. मुलगा कुरकुरला. बाकीची झाडं उद्यावर गेली.

“बरं, पण हे बंद कसं करायचं?” त्यानं विचारलं.

हे आमच्यापैकी कोणीच विचारून ठेवलं नव्हतं. आत्याबाई खुर्चीतून उठल्या, माझ्या खांद्याला धरून पावलापावलानं इंजिनापर्यंत आल्या, आणि तेलाच्या पंपाजवळची एक बारीक पट्टी बोटानं बाजूला सारून धरून ठेवली. चाकं बराच वेळ आपल्याच वजनानं फिरत राहिली.